हिटलर हरला, मग दोस्त वैरी का झाले?

प्रश्न थोडक्यात असा आहे. २५ एप्रिल १९४५ रोजी जर्मनीत एल्बे नदीकाठी, टोरगाऊ इथे अमेरिकन आणि रशियन सैनिकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. जून १९४८ मध्ये तिथून फार लांब नसलेल्या बर्लिनमध्ये हीच दोन राष्ट्रे युद्धाच्या उंबरठ्यावर उभी होती. मधल्या तीन वर्षांत असे काय बिघडले की शीतयुद्ध, म्हणजे या दोघांतले थेट लढाईशिवायचे वैर, सुरू झाले? ‘एक साम्यवादी, दुसरा भांडवलशाहीवादी, म्हणून वैर’ हे पाठ्यपुस्तकातले उत्तर पुरेसे मानायचे का?

मी पदवीच्या वर्गांना आधुनिक जगाचा इतिहास बरीच वर्षे शिकवला आहे. हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी भेटला की मला आनंद होतो, कारण ते पाठ्यपुस्तकातले उत्तर खरोखरच अपुरे आहे.

विचारसरणीचा विरोध १९१७ च्या रशियन क्रांतीपासून होताच. रशियात यादवी चालू असताना १९१८ मध्ये अमेरिकन फौजा आर्खांगेल्स्क आणि व्लादिवोस्तोकला उतरल्या होत्या. सोव्हिएत सरकारला अमेरिकेने मान्यता दिली ती थेट १९३३ मध्ये. तरीही २२ जून १९४१ ला हिटलरने रशियावर हल्ला केला, त्याच संध्याकाळी जन्मभर बोल्शेविकांना विरोध करणाऱ्या चर्चिल यांनी रेडिओवरून रशियाला मदत जाहीर केली. पुढे अमेरिकेने लेंड-लीज, म्हणजे मित्रराष्ट्रांना युद्धसाहित्य पुरवण्याच्या योजनेखाली रशियाला सुमारे ११ अब्ज डॉलरचा माल दिला. त्यात चार लाखांवर ट्रक आणि जीपगाड्या होत्या. जे कारण मैत्रीच्या काळातही जसेच्या तसे हजर होते, ते एकटे वैर कसे घडवेल?

म्हणून १९४५ मध्ये काय बदलले, तिकडे बघायला हवे. युरोपच्या मध्यावरचा जर्मनी कोसळला आणि त्याचे पुढे काय करायचे याची दोन उत्तरे तयार झाली, जी एकत्र नांदू शकत नव्हती. माझ्या मते शीतयुद्धाचे मूळ तिथे आहे. विचारसरणीने काम केले ते समोरच्याच्या प्रत्येक हालचालीचा अर्थ लावण्याचे, आणि तो अर्थ नेहमी वाईटातला वाईट निघत गेला.

आधी हे लक्षात घ्या की दोघे एकच युद्ध लढले नव्हते. सोव्हिएत संघाचे सुमारे २ कोटी ७० लाख लोक मेले. अमेरिकेचे सगळ्या आघाड्यांवर मिळून सुमारे ४ लाख. सोव्हिएत सरकारच्या हिशेबाप्रमाणे १,७१० शहरे आणि ७० हजारांवर खेडी उद्ध्वस्त झाली. त्यातून सावरण्याआधीच १९४६-४७ मध्ये दुष्काळ पडला आणि त्यात दहा लाखांच्या आसपास माणसे गेली. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरच्या एकाही शहराची राखरांगोळी झाली नव्हती, आणि तिचे उत्पादन युद्धाच्या काळात प्रचंड वाढले होते. या दोन अनुभवांतून सुरक्षिततेच्या दोन कल्पना निघाल्या. रशियाला १९१४ आणि १९४१, दोन्ही वेळा जर्मनीने पश्चिमेकडून गाठले होते. म्हणून स्टॅलिनच्या लेखी सुरक्षितता म्हणजे जमीन: मधल्या देशांत आपल्या मर्जीतली सरकारे आणि कायमचा दुबळा जर्मनी. अमेरिकन मंडळींचे निदान वेगळे होते. १९३० च्या दशकातली मंदी, बंद बाजारपेठा आणि बेकारी यांतून हिटलर वर आला, असे त्यांना वाटे. म्हणून सुरक्षितता म्हणजे खुला व्यापार, भरवशाचे चलन, निवडणुका आणि पुन्हा कामाला लागलेला युरोप. जुलै १९४४ च्या ब्रेटन वूड्स परिषदेत नाणेनिधी आणि जागतिक बँक ठरली ती याच विचाराने. रशियन प्रतिनिधी त्या परिषदेला हजर होते, पण ठरलेल्या मुदतीत, म्हणजे १९४५ च्या अखेरीपर्यंत, मॉस्कोने करार मंजूर केला नाही.

थोडक्यात, एकाला पूर्व युरोपची दारे उघडी हवी होती आणि दुसऱ्याला बंद.

संशयाला दोन्हीकडे जुनी कारणेही होती. १९३८ च्या म्युनिक करारात ब्रिटन-फ्रान्सने चेकोस्लोव्हाकियाचा लचका हिटलरला तोडून दिला. त्यातून पाश्चात्त्यांनी धडा घेतला की हुकूमशहाला एक घास दिला की तो दुसरा मागतो. दुधाने तोंड पोळल्यावर ताकही फुंकून प्यावे, तसे ते पुढे प्रत्येक तडजोडीकडे बघू लागले. स्टॅलिनने त्याच घटनेतून उलटा धडा घेतला: हे लोक हिटलरला आपल्या अंगावर सोडतील. पुढे पश्चिम युरोपात दुसरी आघाडी १९४२ मध्ये उघडण्याची भाषा झाली आणि ती प्रत्यक्ष उघडली ६ जून १९४४ ला. त्या दोन वर्षांत स्टालिनग्राड आणि कुर्स्कला रशियन रक्त वाहत होते. मॉस्कोचा संशय मला समजतो. पण तेवढ्यावर थांबणारा इतिहास मला मान्य नाही. ऑगस्ट १९३९ मध्ये स्टॅलिनने स्वतः हिटलरशी करार केला, पोलंड वाटून घेतला आणि १९४० मध्ये कातिनच्या जंगलात व इतर ठिकाणी मिळून सुमारे २२ हजार पोलिश अधिकारी व कैदी गोळ्या घालून मारले. त्याचा आळ सोव्हिएत सरकारने जर्मनांवर घातला आणि १९९० पर्यंत खरे कबूल केले नाही.

म्हणूनच पोलंडवर थोडे थांबू.

ब्रिटन युद्धात उतरले ते पोलंडसाठी, आणि रशियावर आक्रमण झाले ते पोलंडमधून. दोघांनाही हा देश सोडता येत नव्हता. १ ऑगस्ट १९४४ ला वॉर्सात जर्मनांविरुद्ध उठाव झाला, तेव्हा लाल सेना, म्हणजे सोव्हिएत फौज, शहराच्या जवळ येऊन ठेपली होती. उठाव ६३ दिवस चालला आणि दीड ते दोन लाख नागरिक मेले. ब्रिटिश-अमेरिकन विमानांना मदत टाकून रशियन तळांवर उतरायचे होते. त्यासाठी स्टॅलिनने कित्येक आठवडे परवानगी दिली नाही. लाल सेना लांबच्या चढाईने थकली होती हे खरे, पण विमाने उतरू न देण्याला त्या थकव्याने उत्तर मिळत नाही. उठाव करणारे लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारचे लोक होते आणि स्टॅलिनने पोलंडमधल्याच लुब्लिनला आपल्या मर्जीतले वेगळे मंडळ आधीच बसवले होते.

फेब्रुवारी १९४५ मध्ये क्रिमियातल्या याल्टाला अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टॅलिन हे तिघे बसले आणि पोलंडमध्ये मुक्त निवडणुका होतील असे कागदावर आले. रूझवेल्ट यांचे लष्करी सल्लागार ॲडमिरल लेही यांनी तेव्हाच म्हटले होते की हा मजकूर इतका लवचीक आहे की रशियन तो न तुटता याल्टापासून वॉशिंग्टनपर्यंत ताणू शकतील. रूझवेल्ट यांनाही ते कळत होते, कारण पोलंडमध्ये लाल सेना उभी होती. पण मायदेशी परतल्यावर त्यांनी काँग्रेसला सांगितले की याल्टामुळे प्रभावक्षेत्रांची जुनी पद्धत संपायला हवी. अमेरिकन जनतेने ते खरे मानले. मार्चमध्येच पोलिश भूमिगत चळवळीच्या सोळा नेत्यांना बोलणीसाठी बोलावून रशियनांनी अटक केली आणि जूनमध्ये मॉस्कोत त्यांच्यावर खटला चालवला. जानेवारी १९४७ च्या निवडणुकीत उघड घोटाळा झाला आणि विरोधी नेते मिकोवाइचिक यांना त्याच वर्षी देश सोडून पळावे लागले.

यातली खरी गाठ अशी होती की पोलंडमध्ये खरी मुक्त निवडणूक झाली असती, तर रशियाला मित्र मानणारे सरकार निवडून येणे जवळजवळ अशक्य होते. कातिननंतर कसे येणार? पोलंड मुक्त राहू शकत होता किंवा मॉस्कोच्या मुठीत. याल्टाच्या कागदाने दोन्ही एकदम देण्याचे वचन दिले होते.

स्टॅलिनच्या बाजूने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ऑक्टोबर १९४४ मध्ये चर्चिल यांनी मॉस्कोत एका कागदावर टक्केवारी लिहून त्याच्यापुढे सरकवली होती: रुमानियात रशियाचे वजन ९० टक्के, ग्रीसमध्ये ब्रिटनचे ९० टक्के, वगैरे. त्यानंतर दोनच महिन्यांत ब्रिटिश फौजा अथेन्समध्ये ग्रीक कम्युनिस्टांशी लढल्या, तेव्हा स्टॅलिन गप्प बसला. त्याच्या हिशेबात व्यवहार पुरा झाला होता: ग्रीसबद्दल मी बोललो नाही, आता रुमानिया-पोलंडबद्दल तुम्ही बोलू नका. अमेरिकेने त्या कागदावर सही केलेली नव्हती, आणि असल्या व्यवहाराला जाहीर मान्यता देणे तिच्या कोणत्याही अध्यक्षाला परवडणारे नव्हते.

अणुबॉम्बबद्दल नेहमी विचारले जाते. बर्लिनजवळच्या पॉट्सडॅमला विजेत्यांची परिषद भरली असताना, २४ जुलै १९४५ रोजी, रूझवेल्ट यांच्यानंतरचे अध्यक्ष ट्रुमन यांनी स्टॅलिनला ‘आमच्याकडे असाधारण संहारक शस्त्र आहे’ एवढेच सांगितले. क्लाउस फुक्ससारख्या हेरांमुळे स्टॅलिनला ते आधीच माहीत होते. हिरोशिमानंतर त्याने बॉम्बचे काम गुप्त पोलिसांचा सूत्रधार बेरिया याच्या देखरेखीखाली तातडीने वाढवले. भीती आणि घाई दोन्ही वाढली, पण भांडणाचा विषय बॉम्ब नव्हता. तो जर्मनी होता.

तिथे गोष्ट अगदी रोकड्या पातळीवर सुरू झाली. याल्टाला रशियाने २० अब्ज डॉलर युद्धखंडणीचा आकडा पुढे केला, त्यातली निम्मी स्वतःसाठी. जर्मनी तेव्हा अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि रशिया यांच्या ताब्यातल्या चार विभागांत वाटलेला होता. पॉट्सडॅमला ठरले की ज्याने त्याने आपापल्या विभागातून वसूल करावी, आणि पश्चिम विभागांत नको असलेली काही यंत्रसामग्री रशियाला मिळावी: १० टक्के फुकट आणि १५ टक्के धान्य-कोळशाच्या बदल्यात. जर्मनी एकच आर्थिक घटक मानला जाईल असेही त्याच करारात होते. या दोन गोष्टी एकमेकींना छेद देतात हे तिथल्या तिथे कोणालाच दिसले नाही, असे मला वाटत नाही. पण परिषद उरकायची होती.

मग व्हायचे तेच झाले. रशियनांनी आपल्या विभागातले कारखाने उचकटून गाड्यांत भरले, रेल्वेचे रूळसुद्धा नेले. लाल सेनेने जर्मन स्त्रियांवर केलेल्या अत्याचारांनी तिथली मने कायमची फिरली. ऑक्टोबर १९४६ मध्ये बर्लिनमध्ये निवडणूक झाली तेव्हा रशियाच्या पाठिंब्यावरच्या पक्षाला जेमतेम पाचवा हिस्सा मते पडली. दुसरीकडे रूरच्या कोळसाखाणी ब्रिटिश विभागात होत्या, पण तिथल्या लोकांना खायला घालणे ब्रिटनला झेपत नव्हते. युद्धाच्या सहा वर्षांत कधी पावावर रेशन न लावणाऱ्या ब्रिटनने जुलै १९४६ मध्ये ते लावले. आम्ही पोटाला चिमटा काढून जर्मनांना पोसायचे आणि जर्मन यंत्रे रशियाला जाणार, हे लंडन-वॉशिंग्टनला पटेना. मे १९४६ मध्ये अमेरिकन विभागाचे जनरल क्ले यांनी रशियाला जाणारी खंडणी थांबवली. १ जानेवारी १९४७ ला अमेरिकन आणि ब्रिटिश विभाग आर्थिकदृष्ट्या एक झाले.

मॉस्कोतून हे कसे दिसले असेल? आपले कोट्यवधी लोक मारणाऱ्या देशाकडून भरपाई मिळत नाही, मायदेशी दुष्काळ आहे, अमेरिकेकडे जानेवारी १९४५ मध्ये मागितलेले ६ अब्ज डॉलरचे कर्ज मिळालेले नाही, युद्ध संपताच लेंड-लीजची जहाजे मे महिन्यात एकाएकी रोखली गेली (काही दिवसांत ती पुन्हा सोडली, पण मन कलुषित व्हायचे ते झाले), आणि आता तोच जर्मनी अमेरिकन पैशावर उभा राहणार. वॉशिंग्टनमधून बघावे तर जर्मन कोळशाशिवाय फ्रान्स, बेल्जियम, हॉलंड कोणीच उभे राहत नाही, भुकेल्या फ्रान्स-इटलीत कम्युनिस्ट पक्षांना लाखो मते पडताहेत, आणि रशिया चर्चा लांबवत बसला आहे. दोन्ही चित्रे बऱ्याच अंशी खरी होती. हे भांडण निव्वळ गैरसमजाचे होते असे म्हणणाऱ्यांशी म्हणूनच मी सहमत होऊ शकत नाही.

१९४६ मधल्या भाषणांना पुस्तकांत फार जागा मिळते, ती मी थोडक्यात घेतो. फेब्रुवारीत मॉस्कोतल्या अमेरिकन वकिलातीतून जॉर्ज केनन यांनी लांबलचक तार पाठवून सांगितले की सोव्हिएत राजवटीला बाहेरचा शत्रू लागतोच. मार्चमध्ये चर्चिल अमेरिकेतल्या फुल्टनला, युरोपला मधोमध चिरणाऱ्या ‘पोलादी पडद्या’वर बोलले. सप्टेंबरमध्ये वॉशिंग्टनहून सोव्हिएत राजदूत नोविकोव्ह यांनी केननच्या तारेचे जणू प्रतिबिंब मॉस्कोला पाठवले: अमेरिकेला जगावर वर्चस्व हवे आहे. दोघांच्याही वरिष्ठांना हेच ऐकायचे होते. त्याच वर्षी इराणमधून २ मार्चपर्यंत फौजा काढण्याचा शब्द रशियाने मोडला आणि दबाव आल्यावर मे महिन्यात त्या काढल्या. ठाम उभे राहिले की रशिया मागे हटतो, हा धडा अमेरिकेने त्यातून घेतला आणि पुढे सगळीकडे वापरला.

खरी कलाटणी १९४७ च्या वसंत-उन्हाळ्यातली. २१ फेब्रुवारीला खजिना रिकामा झालेल्या ब्रिटनने कळवले की ग्रीस आणि तुर्कस्तानला यापुढे मदत देता येणार नाही. १२ मार्चला ट्रुमन यांनी ४० कोटी डॉलर मागितले, आणि ते मागताना प्रश्न दोन देशांचा न ठेवता साऱ्या जगातल्या दोन जीवनपद्धतींचा केला. गंमत नव्हे, शोकांतिका अशी की ग्रीक बंडखोरांना मदत युगोस्लाव्हियाची होती; स्टॅलिन त्यांच्यापासून हात राखून होता.

त्याच सुमारास मॉस्कोत परराष्ट्रमंत्र्यांची परिषद जर्मनीवर अडून बसली होती. १५ एप्रिलला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल स्टॅलिनला भेटले. स्टॅलिन शांतपणे म्हणाला की या पहिल्या चकमकी आहेत, धीर धरला तर तडजोड होईल. त्याला घाई नव्हती याचे कारण आहे. याल्टाला रूझवेल्ट यांनीच सांगितले होते की अमेरिकन फौजा युरोपात दोन वर्षांपेक्षा जास्त राहणार नाहीत. शिवाय भांडवलशाही राष्ट्रे आपापसांतच भांडतील, ब्रिटन आणि अमेरिकेचे फाटेल, असे त्याचा मार्क्सवाद त्याला सांगत होता. विचारसरणी खरोखर महत्त्वाची ठरली ती इथे: तिने त्याला चुकीचा अंदाज दिला. मार्शल यांनी त्या शांतपणाचा अर्थ लावला की याला युरोप कोसळायलाच हवा आहे. परत येऊन त्यांनी रेडिओवर सांगितले की डॉक्टर विचार करत बसलेत आणि रोगी खालावत चालला आहे. ५ जूनला हार्वर्डला त्यांनी युरोपच्या पुनर्उभारणीची योजना मांडली. तिच्यावर चार वर्षांत सुमारे १३ अब्ज डॉलर खर्च झाले.

योजना कागदोपत्री रशियालाही खुली होती, आणि सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोटोव्ह मोठा ताफा घेऊन पॅरिसला गेलेही. पण अटी होत्या: हिशेब उघडे ठेवायचे, नियोजन एकत्र करायचे, आणि जर्मन उद्योग त्या नियोजनाचा भाग. २ जुलैला ते उठून निघाले. चेकोस्लोव्हाकियाने निमंत्रण स्वीकारले होते. त्याच्या मंत्र्यांना मॉस्कोला बोलावून घेतले आणि १० जुलैला प्रागने होकार मागे घेतला. तोवर प्रागमध्ये बहुपक्षीय सरकार होते, निवडणुका खऱ्या झाल्या होत्या आणि १९४६ मध्ये कम्युनिस्टांनी ३८ टक्के मते रीतसर मिळवली होती. फेब्रुवारी १९४८ मध्ये तिथली लोकशाही संपली आणि १० मार्चला परराष्ट्रमंत्री यान मासारिक परराष्ट्र मंत्रालयाच्या अंगणात, खिडकीखाली मृतावस्थेत सापडले. मला या सगळ्या कहाणीत सर्वांत जास्त हळहळ वाटते ती प्रागची. तडजोडीचा एक जिवंत नमुना तिथे चालू होता.

सप्टेंबर १९४७ मध्ये कॉमिन्फॉर्म, म्हणजे युरोपातल्या कम्युनिस्ट पक्षांना मॉस्कोशी बांधणारी संघटना, स्थापन झाली आणि स्टॅलिनचे सहकारी झ्दानोव्ह यांनी जगाचे दोन गट जाहीर केले. त्याची झळ आपल्याकडेही लागली. फेब्रुवारी-मार्च १९४८ च्या कलकत्ता अधिवेशनात भारतीय कम्युनिस्ट पक्षाने पी. सी. जोशींना बाजूला सारून मुंबईच्या बी. टी. रणदिव्यांना सरचिटणीस केले आणि नव्या स्वतंत्र सरकारविरुद्ध उठावाची भाषा सुरू झाली. त्या धोरणातून बाहेर पडायला पक्षाला तीन वर्षे लागली. १९५१ मध्ये डांगे यांच्यासह चार नेते मॉस्कोला जाऊन स्टॅलिनला भेटले, त्यानंतर मार्ग बदलला.

पुढचे झरझर घडले. पश्चिम जर्मनीचे राज्य उभारायचे ठरले, २० जून १९४८ ला तिथे मार्क हे नवे चलन आले, २४ जूनला स्टॅलिनने रशियन विभागाने वेढलेल्या, पण चौघांत वाटलेल्या बर्लिनकडे जाणारे पाश्चात्त्यांचे रस्ते-रेल्वे बंद केले. त्याला पश्चिम जर्मनी होऊ द्यायचा नव्हता. पाश्चात्त्यांच्या सुमारे पावणेतीन लाख विमानफेऱ्यांतून २३ लाख टन माल बर्लिनला पोचला, १२ मे १९४९ ला नाकेबंदी उठली, तोवर नाटो ही पाश्चात्त्य राष्ट्रांची लष्करी आघाडी जन्मली होती आणि त्याच महिन्यात पश्चिम जर्मनीचे संविधान लागू झाले. जे टाळायचे होते तेच त्याने ओढवून घेतले.

दोष कोणाचा? पहिल्या पिढीच्या अमेरिकन इतिहासकारांनी तो स्टॅलिनवर टाकला, व्हिएतनामच्या काळातल्या पिढीने अमेरिकेच्या बाजारपेठेच्या भुकेवर. १९९१ नंतर मॉस्कोचे दप्तरखाने काही प्रमाणात उघडले. त्यात पश्चिम युरोप जिंकण्याची तयार योजना निघाली नाही, पण पूर्व युरोपातल्या दडपशाहीवर स्टॅलिनची स्वतःची मोहर ठिकठिकाणी सापडली. माझा कौल असा: वैर टळणे अवघड होते, पण ते इतके निर्दय झाले याचा मोठा वाटा स्टॅलिनचा. पुरावा फिनलंड. त्या देशाने रशियाशी दोनदा युद्ध केले, हरला, जमीन दिली, ३० कोटी डॉलरची खंडणी भरली, परराष्ट्र धोरणात मॉस्कोला दुखवायचे नाही हे मान्य केले; आणि त्याची संसद, निवडणुका, वर्तमानपत्रे शाबूत राहिली. रशियाची सुरक्षितता तिथे साधली गेली. पोलंडला हे मिळाले नाही, कारण तो जर्मनीच्या वाटेवर होता.

ऑस्ट्रियाची हकीकतही याच्या शेजारी ठेवून बघा. व्हिएन्नाही बर्लिनसारखीच चौघांत वाटलेली होती आणि बर्लिनसारखीच रशियन विभागाने वेढलेली होती. विचारसरण्या त्याच, फौजा त्याच. मे १९५५ च्या ९ तारखेला पश्चिम जर्मनीचा नाटोत समारंभपूर्वक प्रवेश झाला, १४ तारखेला उत्तरादाखल रशियाच्या गोटातल्या देशांचा लष्करी वॉर्सा करार झाला, आणि १५ तारखेला चारही राष्ट्रांनी ऑस्ट्रियाच्या तहावर सह्या केल्या. तो देश तटस्थ राहिला आणि त्याच वर्षी रशियन फौजा तिथून निघून गेल्या.